निर्जन बेटं आपोआप होत नाहीत

'स्कॉटलंडची निर्जन बेटं' असं एकदा सर्च करून बघा. हिरवे डोंगर, धुकं, चरणाऱ्या मेंढ्या आणि पडक्या दगडी भिंती. खाली कमेंट ठरलेली, 'इथे जाऊन राहायचंय यार!' फोटो भारीच असतात, मान्य. पण त्या भिंती कुणाच्या, हे सहसा कुणी विचारत नाही.

पश्चिम किनाऱ्याजवळच्या हेब्रिडीज बेटांतलं रम घ्या. १८२६ मध्ये तिथल्या सुमारे ३०० माणसांना जहाजात बसवून कॅनडाला धाडलं गेलं. कारण? कुळांपेक्षा मेंढ्यांतून जास्त पैसा मिळणार होता!

त्याहून दूर, भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा. तिथले लोक दोराने कडे उतरून समुद्रपक्षी पकडायचे, खंडही पिसांच्या रूपात भरायचे. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांनी बेट सोडलं. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, त्यांनीच सरकारकडे अर्ज केला होता. पण तरुण मंडळी एकेक करून निघून गेल्यावर होडी कोण वल्हवणार आणि कड्यावर कोण जाणार?

तुम्ही म्हणाल, अशा वाऱ्या-पावसात माणसं टिकणार तरी कशी? मग रमच्या शेजारचं एग बघा. (हो, उच्चार अंड्यासारखाच!) हवामान तेच, समुद्रही तोच. एकामागून एक मालकांना कंटाळलेल्या तिथल्या रहिवाशांनी देणग्या जमवल्या आणि १९९७ मध्ये सुमारे १५ लाख पौंडांना बेटच विकत घेतलं. तेव्हा वस्ती जेमतेम ६५ च्या आसपास होती, आता ती शंभरच्या पुढे गेलीय. २००८ पासून वारा, पाणी आणि उन्हावर त्यांची स्वतःची वीज चालते. ती सगळ्यांना पुरावी म्हणून एका घराला एका वेळी ५ किलोवॅटची मर्यादा, आणि ती सगळे पाळतात.

म्हणून मला वाटतं, 'निर्जन' हा शब्द भूगोलाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. जमीन कुणाच्या मालकीची आणि तरुणांना तिथे काही करता येतं का, यावर गाव टिकतं. पुढच्या वेळी असं रील शेअर करताना कॅप्शनमध्ये 'शांतता' जरूर लिहा. पण ती शांतता कुणी पसरवली, तेही एका ओळीत लिहा.