मी चिवडा सोडलाय

परवा एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाली आणि बश्या फिरायला लागल्या. बशीत नेहमीचंच. एक बर्फी, दोन वेफर्स आणि ढीगभर चिवडा. मी हळूच म्हटलं, "यातला चिवडा काढून घेता का? मी खात नाही." झालं! "अहो, घरचा आहे." "अहो, तेल अगदी बेताचं आहे." "एवढ्याने काय होतंय, थोडासा घ्या." तीन बाजूंनी तीन बायका. शेवटी मी म्हटलं, "सोडलाय हो मी." त्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजींनी मान वर करून विचारलं, "काशीला?"

मी "हो" म्हटलं.

बशीतला चिवडा त्याच क्षणी दुसऱ्या बशीत गेला. पुढे कुणी एक अक्षर बोललं नाही. आजींनी तर जरा कौतुकानेच पाहिलं माझ्याकडे. मी काशीला कधीही गेलेले नाही.

घरी येताना रिक्षात स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं. पण मग वाटलं, गेलं वर्षभर मी जे सगळ्यांना समजावून सांगतेय ते त्या आजींना एका शब्दात कळलं की! म्हणून हे लिहायला बसले. नातेवाइकांपैकी जे वाचतील त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक विनंती आहे.

आधी चिवड्याबद्दल. माझं भांडण सगळ्या खाण्याशी नाहीच. जिलबी समोर आली तर दोन खाऊन मी हात धुते. आइस्क्रीम, चॉकलेट, वडापाव, काहीही द्या, पुरे झालं की मला कळतं. पण पातळ पोह्यांचा चिवडा... उन्हात तापवून मंद आचेवर भाजलेले पोहे, फोडणीत कडक झालेल्या मिरच्या, कडेने तांबूस झालेले खोबऱ्याचे काप, डाळं, दाणे, कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली पिठीसाखर. त्याचा डबा घरात आहे हे मला दुसऱ्या खोलीत बसूनही जाणवत राहतं. पहिल्यांदा मी वाटीत काढून, चमचा घेऊन, शहाण्यासारखी खुर्चीत बसून खाते. मग वाटी ठेवायला स्वयंपाकघरात जाते आणि तिथे उभ्या उभ्या एक मूठ. मग फक्त दाणे वेचायला. मग दाणे गेल्यामुळे उरलेला चिवडा ओकाबोका दिसतो म्हणून तोही. शेवटी डबा दोन्ही हातांनी धरून हलवायचा, म्हणजे वरचा थर सपाट होतो आणि पडलेला खड्डा दिसत नाही. हे काम मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रात्री साडेअकराला, दिवा न लावता करत होते. लेक पाणी प्यायला आली. "आई, अंधारात काय करतेयस?" मी म्हटलं, "मुंग्या झाल्यात का बघतेय."

अंधारात, मुंग्या!

त्याच सुमाराला माझा रक्तदाब वाढल्याचं निघालं. डॉक्टरांनी मिठाचा हिशोब सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे पुरता एक चहाचा चमचाही नाही, आणि त्यात आमटी-भाजी-पोळी सगळं आलं. "लोणचं, पापड, फरसाण कमी करा," ते म्हणाले. "बंदच करा असं नाही म्हणत मी. थोडं खाल्लं तर चालेल." डॉक्टर भला माणूस आहे. पण मला जर 'थोडं' खाता आलं असतं तर मी त्यांच्यासमोर कशाला बसले असते?

'थोडं' ज्यांना जमतं त्यांना ते इतकं सहज जमतं, की इतरांना ते जमत नाही यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. आमच्या घरात असा एक नमुना आहे. नवरा शेवेचं पाकीट फोडतो, चार चमचे घेतो, पाकिटाला रबरबँड लावतो आणि विसरून जातो. विसरून! महिन्याने ते पाकीट सादळलेलं सापडतं. त्याचा काही फार मोठा संयम आहे असं नाही. शेव त्याला हाका मारत नाही, एवढंच. (सिगारेट सोडताना त्याने काय काय सोसलं ते मी पाहिलंय, त्यामुळे त्याने माझ्यासमोर संयमावर बोलू नये.) ग्रेचन रूबिन नावाच्या अमेरिकन लेखिकेने 2015 साली आलेल्या 'बेटर दॅन बिफोर' या पुस्तकात अशा दोन जाती सांगितल्यात. काहींना थोड्यावर थांबणं सोपं जातं, काहींना अजिबात न घेणं सोपं जातं. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्यात काही बिघाड नाही, मी फक्त दुसऱ्या जातीची आहे.

आणि चिवडाही तसा साधासुधा गडी नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या टेरा फझिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली एक व्याख्या मांडली, कुठला पदार्थ इतका चविष्ट असतो की थांबणं अवघड जावं, याची. त्यातला एक प्रकार असा: 25 टक्क्यांहून जास्त उष्मांक तेला-तुपातून, आणि 100 ग्रॅममध्ये निदान 0.3 ग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण पाऊण ग्रॅम मीठ. मी कागद-पेन घेऊन आईच्या चिवड्याचा हिशोब मांडला. अर्धा किलो पोहे, वाटीभर तेल, दाणे, खोबरं, डाळं. जवळजवळ निम्मे उष्मांक तेलातून, दाण्यातून आणि खोबऱ्यातून. मीठही त्या रेषेच्या वरच. वर थोडी साखर, आणि तो कुरकुरीतपणा. बाहेरच्या पाकिटाला आपण नावं ठेवतो, पण घरच्या डब्याला 'घरचं आहे' म्हणून माफी असते. जिभेला काय कळतंय, कढई कुणाची होती ते!

मी सगळे उपाय करून पाहिले. छोटी वाटी. डबा वरच्या फळीवर (स्टूल घेऊन चढले). डबा नवऱ्याच्या कपाटात (त्याच्या शर्टांना हिंगाचा वास). फक्त रविवारी. फक्त पाहुणे आले तर. मग मी पाहुण्यांची वाट बघायला लागले. या सगळ्यात खाण्यापेक्षा वाईट असायची ती मनातली घासाघीस. आज खाल्ला तर चालेल का? काल नाही खाल्ला, मग आज दीड वाटी? एका वाटी चिवड्यापायी माझी सबंध दुपार स्वतःशी वाटाघाटी करण्यात जायची, आणि संध्याकाळी मी हरायचेच.

मग एक दिवस सोडला. पहिले तीन आठवडे वाईट गेले. त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. शांतता. प्रश्नच संपल्यामुळे उत्तर शोधावं लागेना. मला वाटायचं, सोडणं म्हणजे रोज मोठा निर्धार करावा लागेल. उलट निर्धार लागत होता तो 'थोडं' खायला. 'अजिबात नाही'ला तो एकदाच लागला.

आता काशी. आपल्याकडे काशीला जाऊन आलेली माणसं तिथे एखादी आवडती वस्तू सोडून येतात, एखादं फळ, एखादी भाजी. चातुर्मासात आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण-वांगं बंद, आणि त्याआधी कांदेनवमीला कांदाभजी, वांग्याचं भरीत यथेच्छ. मी लहानपणी याला अंधश्रद्धा म्हणून हसायचे. पुण्याचं मला आजही माहीत नाही. पण या रीतीत माणसाच्या स्वभावाची मोठी जाण आहे असं आता वाटतं. काशीला कुणी 'वांगी जरा कमी खाईन' असा नेम करत नाही. वस्तू एकच असते, तिचं नाव ठरलेलं असतं, आणि ती चार लोकांना माहीत असते. म्हणून पुढे कुणी आग्रह करत नाही. 'डाएट चालू आहे' म्हटलं की समोरच्याला वाटतं आता वाद घालता येईल. 'सोडलंय' म्हटलं की वाद संपतो. (अर्थात पळवाट इथेही आहे. आमच्या एका आत्याने काशीला घोसाळं सोडलं, जे ती जन्मात कधी खात नव्हती!)

यावर कुणी म्हणेल, की बंदी घातली की मन तिकडेच धावतं. खरं आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही आली. 1975 साली हर्मन आणि मॅक या दोघांनी एक प्रयोग केला होता. एरवी मोजूनमापून खाणाऱ्या मुलींना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खा म्हणून सांगितलं, तर त्यांनी मिल्कशेक न प्यायलेल्या तशाच मुलींपेक्षा जास्तच आइस्क्रीम खाल्लं. मोडलाच आहे नेम तर आता काय, असा तो हिशोब. म्हणून मला वाटतं, सोडायचं तर एकच सोडावं. ज्यांनी गोड, तळलेलं, भात, बटाटा सगळंच सोडलं त्यांची दिवाळीत काय अवस्था होते ते मी पाहिलंय. आणि ज्यांना खाण्याच्या धास्तीनेच ग्रासलंय, जे उपाशी राहतात आणि मग भडाभडा खातात, त्यांच्यासाठी माझा हा उपाय नव्हेच. त्यांनी जाणकार डॉक्टरांकडे जावं. माझाही नेम एकदा मोडला. एका लग्नघरी, पहाटे, चहाबरोबर. दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सोडला. काशीविश्वेश्वर काही बोलला नाही.

आता जे सांगायला जड जातंय ते. आमच्या बाबांना मधुमेह होता आणि त्यांचा जीव पेढ्यात होता. ते पेढे लपवायचे. देवघराच्या खणात, पुस्तकांमागे, एकदा तर छत्रीत. आम्ही पकडायचो, हसायचो, रागवायचो. "बाबांचा जिभेवर ताबाच नाही" हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते म्हणणाऱ्यात मी पहिली. पण सणावाराला, बारशाला, निकालाला त्यांच्या हातावर अर्धा पेढा ठेवणारेही आम्हीच. "एवढ्याने काय होतंय, थोडा खा." तो अर्धा पेढा पुढचे आठ दिवस त्यांना काय करायचा हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. 2011 साली ते गेले. नंतर त्यांची जुनी ब्रीफकेस उघडली, तर विम्याच्या कागदांखाली एक खोकं होतं. आत चार पेढे, दगडासारखे झालेले. आम्ही तेव्हा रडता रडता हसलो होतो.

चिवड्याचा डबा अंधारात हलवताना मला ते खोकं आठवलं. पेढ्यांनी बाबा गेले असं मी म्हणत नाही. त्यांना इतर बरंच काही झालं होतं. पण शेवटची पंधरा-वीस वर्षं तो शहाणा माणूस आपल्याच घरात चोरासारखा वागला, आणि त्यांना "सोडून टाका, आम्ही घरात आणतच नाही" असं आमच्यापैकी एकानेही म्हटलं नाही.

गेल्या दिवाळीत आईने सांगलीहून नेहमीसारखा डबा पाठवला. मी तो तसाच ऑफिसात नेऊन वाटला आणि मग तिला फोन करून सांगितलं. खोटं बोलता आलं असतं. गेली कित्येक वर्षं ती माझ्यासाठी वेगळ्या डब्यात खोबरं जास्त घालून भरते. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातचासुद्धा नाही?"

मी म्हटलं, "आई, तुझ्या हातचा आहे म्हणूनच नाही."

पुन्हा गप्प. मग म्हणाली, "बरं. मग चकली चालेल का?"

चालेल. चकल्या मी दोन खाऊन थांबते, खरंच. तेव्हा काकू, मावशी, वहिनी, सगळ्यांना हीच विनंती. या दिवाळीला मला चिवडा पाठवू नका, समोर ठेवू नका, आणि थोडासा घे म्हणू नका. तुमच्या हाताला नावं ठेवतेय असं कृपा करून समजू नका. आणि तुमच्या घरात कुणी डबा हलवून सपाट करत असेल तर त्याला हसू नका. काय सोडायचंय ते विचारा आणि ती वस्तू घरात आणायची थांबवा.

काशीला मात्र एकदा जाऊन यायला हवं. त्या आजींना 'हो' म्हणून बसलेय ना!