आवाज ब्रेकचा, दोष कोणाचा?

रविवारची सकाळ. गृहसंकुलाच्या आवारात मोटारीचे पुढचे चाक उतरवलेले, शेजारी पान्यांची पेटी उघडी, आणि बाह्या सरसावलेले गृहस्थ नव्या कोऱ्या ब्रेक पॅडचे वेष्टण सोडत आहेत. हे दृश्य भारतातील शहरांत आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. सुटे भाग घरपोच मिळतात, कृती दाखवणाऱ्या चित्रफिती फुकट पाहता येतात आणि मजुरी वाचते. दुपारपर्यंत पॅडही नवे, डिस्कही नव्या. सोमवारी कार्यालयाच्या फाटकाशी ब्रेक दाबताच मात्र अशी किंकाळी उठते की रखवालदार वळून पाहतो. जुने ब्रेक निमूट होते; नवे ओरडतात.

या क्षणी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘माल खराब निघाला.’ ती सहसा चुकीची असते. पॅड आणि डिस्क हे दोन भाग बदलले म्हणजे ब्रेक नवा झाला, ही समजूतच मुळात अपुरी आहे. त्या दोन भागांभोवतीचे सारे, म्हणजे कॅलिपर, तो ज्यांवर सरकतो त्या पिना, पॅड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, डिस्क ज्यावर बसते तो हब, हे जुनेच असते, आणि बहुधा मळलेलेही. घरी काम करणाऱ्याचा उत्साह नव्या वस्तू बसवण्यात खर्च होतो. जुन्या वस्तू घासण्यात तो टिकत नाही.

आवाज आणि डिस्क ब्रेक यांचे नाते तसे जन्मापासूनचे आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा धातूच्या चकतीवर तांब्याचे अस्तर घासले जाई आणि त्याचा कर्कश चीत्कार सहन करण्यापलीकडचा असे. पुढे घर्षणाचे पदार्थ बदलले, तत्त्व मात्र बदलले नाही. पॅड चकतीला धरतो, निसटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडते आणि सारी जोडणी कंप पावून घंटेसारखी नादू लागते. म्हणजे किंकाळी हा मुळात कंपनाचा प्रश्न आहे. जिथे काही सैल आहे, कोरडे आहे किंवा वाकडे बसले आहे, तिथे कंपनाला वाट मिळते.

म्हणून प्रथम आवाज ऐकावा. पाना नंतर उचलावा. ब्रेक न दाबताही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर खरखर येत असेल, तर डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना वाकून चकतीला लागत असण्याची शक्यता मोठी; तो बोटांनी किंचित मागे सारला की प्रश्न मिटतो. खड्ड्यातून जाताना खडखड होत असेल तर पॅडची पट्टी बसवायची राहिली असावी. पॅडला झीज सुचवणारी धातूची छोटी जीभ असते; पॅड चुकीच्या जागी बसला किंवा ती जीभ वाकली, तर ती पहिल्या दिवसापासूनच तक्रार करू लागते. ब्रेक दाबताना पायाखाली पेडल थरथरत असेल, तर हबवर राहिलेल्या गंजाकडे पाहावे. गंजाचा कागदाइतका पापुद्राही डिस्क तिरकी बसवतो. पावसाळ्यात मुंबई, मंगळूर किंवा चेन्नईसारख्या किनारी शहरांत रात्रभर उभ्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर तांबूस थर चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांत घासून निघून जातो. त्या आवाजाची चिंता नको.

उरते ती खरी किंकाळी. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून बरेचदा तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसून काढायचा राहिला, की तेल पॅडमध्ये मुरते. मुरलेला पॅड घासूनपुसून सुधारत नाही. तो बदलावाच लागतो. सरकत्या पिनांना साधे ग्रीस लावणे ही दुसरी चूक. खनिज तेलाच्या ग्रीसने रबरी टोप्या फुगतात, पिना अडकतात, कॅलिपर मागे सरत नाही आणि चाक तापते. त्यासाठी ब्रेकचे उष्णतारोधक ग्रीसच हवे, आणि तेही पिनांवर व पॅडच्या कानांवर अगदी पातळ. घर्षणाच्या पृष्ठभागावर त्याचा थेंबही नको.

तिसरी गोष्ट घाईची. नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी 50-60 किलोमीटरवरून 15-20 पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, मधे थंड होण्यास अवधी देत आठ-दहा वेळा सावकाश वेग उतरवला की पॅडचा पातळ, समान थर चकतीवर बसतो. पॅड बनवणाऱ्याची सूचना वेगळी असेल तर ती प्रमाण मानावी. थेट शहराच्या गर्दीत नेलेल्या गाडीला ही संधीच मिळत नाही. कित्येकदा काहीही न उघडता एवढ्याने आवाज थांबतो.

आता मतभेदाचा मुद्दा. आवाज दडपण्याचे उपाय सांगणारे सर्वत्र भेटतात. कोणी पॅडच्या कडा घासायला सांगतो, कोणी मागे रबरी लेप द्यायला. यांतले काही उपाय योग्य जागी उपयोगी आहेत. पण कारण न शोधता केलेला उपाय म्हणजे दिवसअखेर रोकड जुळत नाही म्हणून स्वतःच्या खिशातून रुपया भरणे. बँकेत ते कोणी खपवून घेत नाही. तिथे रुपया लहान असला तरी त्यामागची चूक लहान असेलच असे नसते. आणि डिस्कवर तेलाची फवारणी सुचवणारा सल्लागार भेटला, तर त्याच्या गाडीत न बसणे उत्तम.

घरी काम करू नये, असे यातून सुचवायचे नाही. स्वतःच्या गाडीची रचना जाणणारा चालक अधिक सावध असतो. मात्र ब्रेक हा काटकसरीचा छंद पुरवण्याचा भाग नव्हे, याचेही भान हवे. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, ब्रेक दाबताच एका बाजूला ओढ, मऊ पडलेले पेडल, एकच चाक हात लावता येणार नाही इतके तापणे, यांपैकी काहीही आढळले तर गाडी चालवतही नेऊ नये. मेकॅनिकला घरी बोलवावे. त्यात कमीपणा कसला?

आणि जो पुढच्या रविवारी पुन्हा चाक उतरवणार आहे, त्याने गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी, नव्या पॅडच्या आधी तारेचा ब्रश हाती घ्यावा आणि काम संपल्यावर, गाडी जागची हलवण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबावे. मागे ढकललेला पिस्टन तेव्हाच पॅडपर्यंत परत येतो. तोवर पहिला ब्रेक लागतच नाही.