मागच्याचं बिल, नव्याच्या माथी

भाड्यानं खोली घेताना माणूस भिंतींची ओल बघतो, नळ किती वेळ येतो ते विचारतो, गाडी आत लागेल का ते पाहतो. मीटरकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही. मग सामान लागतं न लागतं तोच लाईनमन शिडी घेऊन दारात उभा राहतो. "भाऊ, या मीटरवर लय बकाया आहे, लाईन कापा लागते." आपण म्हणतो, मी तर आत्ताच आलो. तो म्हणतो, "ते तुमी अन् मालक पाहून घ्या." आणि त्याचं काही चुकत नाही. त्याच्या यादीत मालकाचं नाव असतं आणि मीटरचा नंबर असतो. वीज जाळली कुणी, याचा तिथं रकानाच नाही.

आपल्या मध्य प्रदेशात पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, सौंसर त्यात आला. बदलून येणारे बाबू, मास्तर, बोरगावच्या कारखान्यांतली पोरं, सगळ्यांना खोल्या हव्यात. घर मालकाचं, मीटर मालकाच्या नावावर, बिल भरायचं भाडेकरूनं, असा आपल्याकडचा सरळ व्यवहार. तो सरळ चालतो, जोवर भाडेकरू सरळ असतो. एखादा चार महिने बिल दाबून ठेवतो आणि एका सकाळी नागपूरच्या गाडीत बसतो.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये ईशा मार्बल्सच्या खटल्यात लिलावात मालमत्ता घेणाऱ्याला जुन्या ग्राहकाच्या थकबाकीतून सोडवलं होतं. त्यामुळे बऱ्याच जणांना अजून वाटतं की मागचं बिल आपल्याला लागूच होत नाही. पण 19 मे 2023 रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या निकालात त्याच न्यायालयानं बारीक फोड केली. जुनी थकबाकी आपोआप जागेवर बोजा म्हणून चढत नाही, त्यासाठी तसा नियम असावा लागतो. मात्र नियमांत तरतूद असेल, तर जुनं भरेपर्यंत त्या जागेला नवी जोडणी द्यायला वीज कंपनी नकार देऊ शकते. म्हणजे कर्ज तुमचं नाही, पण अंधार तुमचा. सीमेपलीकडे नरखेड-वरूडला महाराष्ट्राचा नियम आहे. वारस सोडून इतर नव्या मालकावर किंवा राहणाऱ्यावर फार तर सहा महिन्यांची थकबाकी टाकता येते. सासुरवाडी तिकडे असली, तरी इकडच्या ऑफिसात तो नियम सांगून उपयोग नाही. तो त्या राज्यापुरता.

दोन गोष्टी मात्र इथंही कामाच्या आहेत. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे लाईन कापण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि देय झाल्यापासून दोन वर्षं उलटलेली रक्कम, मधल्या बिलांत ती सतत बकाया म्हणून दाखवलेली नसेल, तर त्या कलमाखाली वसूल करता येत नाही. त्यामुळे जुनी बिलं रद्दीत घालू नका. तीच पुरावा.

सबमीटरचा घोळ आणखी वेगळा. राज्याच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असला, तर पहिल्या 100 युनिटचे 100 रुपयेच लागतात. पण एका मीटरवर तीन खोल्या लटकल्या की आकडा दीडशेच्या पार जातो आणि सवलत सगळ्यांचीच जाते. तीन गरीब मिळून कागदावर एक श्रीमंत होतो! वर युनिटचा भाव मालक म्हणेल तो.

माझं म्हणणं मालकांना न आवडणारं आहे. मागच्या भाडेकरूचं बिल मालकानंच भरावं. जोडणी त्याच्या नावावर, ग्राहक तो. डिपॉझिट त्याच्याच खिशात, आणि ते घेतात ते याचसाठी. गेलेल्याचा पत्ता, त्याची नोकरी, त्याचा जामीन राहणारा मामा, सगळं मालकाला माहीत. नव्यानं त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नसतं. तरी मालक म्हणतो, "आधं आधं करू." कशाचं आधं? आणि महिनोन्महिने बिल थकू देणारं ऑफिस तेवढे दिवस काय करत होतं, हेही कुणी विचारत नाही.

नळपट्टीचंही असंच. नगरपालिकेच्या पावतीवर नाव बहुधा मालकाचं, तगादा मात्र घरात राहणाऱ्याला.

तेव्हा डिपॉझिट हातात देण्याआधी मालकाला शेवटचं बिल मागा. लाजू नका, ते काही त्याची कुंडली मागणं नाही. बिलावरचा आयव्हीआरएस नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, घ्या आणि त्यावर बकाया किती दिसतो ते मोबाईलवर स्वतः पाहा. ताबा घ्याल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, मालकालाही पाठवा. भाडेचिठ्ठीत एक ओळ लिहून घ्या: या तारखेआधीचं वीज आणि पाण्याचं देणं मालकाचं. तरीही शिडी आलीच, तर नोटीस लेखी मागा, वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. जो मालक ती एक ओळ लिहून द्यायला तयार नाही, त्याची खोली घेऊ नका.