घरच्या माणसाचे आसन

आजारपण पूर्वसूचना देऊन येत नाही; विमानाचे तिकीट मात्र कित्येक आठवडे आधी काढावे लागते. आईवडील व दोन मुले यांचे एकत्र आरक्षण असावे आणि ऐन आदल्या दिवशी वडील अंथरुणाला खिळावेत, असे कोणत्याही घरात घडू शकते. अशा वेळी आरक्षण विभागून उरलेल्यांना जाता येते. परंतु वडिलांच्या तिकिटावर त्यांच्या आईला किंवा भावाला पाठविता येत नाही. देशातील विमान कंपन्या तिकीट दुसऱ्याच्या नावे करू देत नाहीत. मुले दोन वर्षांखालील असल्यास पेच अधिकच वाढतो. कारण एका प्रौढास मांडीवर एकच मूल नेता येते.

तिकीट रद्द करताच सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियमच आहे. पण मूळ भाडे बहुधा बुडते आणि नवे तिकीट आयत्या वेळच्या चढ्या दराने घ्यावे लागते.

नावे बदलू दिल्यास काळाबाजार माजेल, हा कंपन्यांचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि रेल्वेने त्यावर तोडगा काढलेला आहे. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज केल्यास निश्चित आरक्षण आईवडील, भावंडे, पती-पत्नी वा अपत्य यांच्या नावे करता येते. नात्याचा पुरावा दिला की दलालाला वाव उरत नाही. जे रेल्वेला साधले, ते विमान कंपन्यांना अशक्य का असावे?