काडी एकाची, गवत दुसऱ्याचं

जानेवारी उजाडला की आखातातल्या कोकणी माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच तऱ्हेचे व्हिडिओ फिरू लागतात. सड्यावर रात्री पेटलेली लाल रेघ, ओल्या टहाळ्यांनी आग झोडपणारी चार माणसं आणि सकाळी करपून उभी राहिलेली काजूची झाडं. खाली ठरलेले शेरे असतात : ‘कोणी लावली?’, ‘पोलिसात द्या त्याला.’ पण ती आग ज्या गवतातून बागेपर्यंत आली ते गवत कोणाचं होतं, हे कोणीच विचारत नाही. कारण उत्तर अडचणीचं आहे. बऱ्याचदा ते गवत मुंबईत, पुण्यात किंवा इथे मुसफ्फ्यात बसलेल्या आपल्यासारख्यांचं असतं.

पूर्वीही कोकणात भाजावळ होतीच. तरव्यासाठी राब भाजायचे, बांध पेटवायचे. पण तेव्हा वरकस जमिनीत नाचणी, वरी व्हायची. गुरं रानात चरायची, उरलेलं गवत कापून गोठ्यात आणि घरांच्या शाकारणीला जायचं. त्यामुळे पेटलेली आग कुठेतरी मोकळ्या जमिनीशी येऊन थांबायची. आता गुरं गेली, नांगर गेले आणि सातबारावर वीस-पंचवीस नावं राहिली. नावं जितकी जास्त, तितकं विळा हातात घेणारं कोणीच नाही. कमरेएवढं गवत मे महिन्यापर्यंत तसंच वाळत उभं राहतं. डोंगरापासून वाडीपर्यंत आगीला सलग रस्ता मिळतो.

काडी लावणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं, हा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात नवी रोपं मरतात, पालापाचोळ्याचं खत जातं आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. कोणी शिकारीसाठी जाळतो, कोणी विडी टाकतो. निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण रात्री सड्यावर कोणी काडी ओढली, हे सिद्ध कोण करणार? गवत मात्र दिवसाढवळ्या सगळ्यांना दिसतं. काडी एकाची, गवत दुसऱ्याचं आणि बाग तिसऱ्याची, असा हा हिशेब आहे. त्यातल्या तिसऱ्याने कलमं लहान मुलांसारखी वाढवलेली असतात. एका रात्रीत गेलेली वर्षं त्याला परत कोण देणार?

एकदा वणवा हाताबाहेर गेला की काय होतं, ते गोव्याने पाहिलं आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या जंगलांत आगी लागल्या तेव्हा पाणी टाकायला हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. आपल्या वाडीसाठी हेलिकॉप्टर येणार नाही. आग लागण्याआधी काय केलं, तेवढंच कामाला येणार.

पोर्तुगालची गोष्ट आपल्याला जवळची आहे. तिथल्या डोंगराळ भागातलीही तरुण माणसं शहरांत आणि परदेशी गेली, जमिनी ओस पडल्या. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांद परिसरातल्या वणव्यात साठहून अधिक माणसं गेली, त्यातली कितीतरी गाडीतून पळताना रस्त्यावरच. घराभोवतीचं पन्नास मीटरपर्यंतचं गवत-झुडूप साफ ठेवण्याचा नियम तिथे आधीपासून होता. त्या उन्हाळ्यानंतर त्याची अंमलबजावणी कडक झाली. मालकाने साफ केलं नाही, तर नगरपालिका ते करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. मालक कुठल्या देशात राहतो, याने फरक पडत नाही.

आपल्याकडेही असंच काही व्हायला हवं, पण गावाच्या मापाने. वन खातं उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा काढतं, म्हणजे पट्टा साफ करून आगीची वाट तोडतं. तीच पद्धत खासगी जमिनीत आणता येईल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करावा : डिसेंबर संपेपर्यंत प्रत्येकाने आपल्या हद्दीवर गडग्याला लागून दहा-बारा हातांचा पट्टा आणि घराभोवतीची जागा कापून घ्यायची. जो करणार नाही, त्याच्या जमिनीतला पट्टा गावाने कापावा आणि मजुरी त्याच्याकडून घ्यावी. कापलेलं गवत पेटवू नये. ते कलमांच्या मुळाशी पसरावं, नाहीतर गुरं असलेल्यांना द्यावं. राब भाजायचाच असेल तर वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून, पाणी जवळ ठेवून भाजावा आणि राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये.

‘मजूर मिळत नाहीत, दोन एकर कापायला किती पैसे लागतील?’ असं लगेच म्हटलं जाईल. दोन एकर कापायला कोणी सांगत नाही, कडेचा पट्टा पुरे. ग्रास कटर घेऊन फिरणारी मुलं आता बहुतेक गावांत आहेत. त्यांना चार दिवसांचं कामही मिळेल. ‘भावकीत वाद आहे’ हे दुसरं कारण. वाद वाटणीचा आहे, गवताचा नाही. कापण्याने कोणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही, हे ठरावातच लिहून टाकावं.

इथे मुसफ्फ्यात साध्या गोदामालाही अग्निसुरक्षेच्या तपासणीतून जावं लागतं. माल कुठे रचायचा, वाट किती मोकळी ठेवायची, हे आपण निमूटपणे पाळतो, कारण आपल्या गाळ्यातली आग शेजारच्या गाळ्यात जाते, हे आपल्याला पटलेलं असतं. गावात भिंतीच्या जागी गडगा आहे, एवढाच फरक.

पालखीला, देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण न मागता पैसे पाठवतो. त्याच यादीत गवतकापणीची एक ओळ घालावी. दिवाळीत गावी जाणाऱ्याने हद्द फिरून दाखवावी, न जाणाऱ्याने पैसे पाठवावेत. शेजारची बाग ज्याच्या घामावर उभी आहे तो माणूस गावात राहिला, म्हणून आपल्या बंद घराकडे कोणाचं तरी लक्ष आहे. निदान त्याच्या बागेपर्यंत जाणारी आगीची वाट आपल्या जमिनीतून नसावी.

(लेखक मुसफ्फा, अबुधाबी येथे नोकरीला आहेत.)