आमच्या पोटाची मोजणी कोणी केली?



मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका सुनेला पोट फुगण्याच्या तक्रारीवर आहाराचा चार्ट मिळाला. पहिल्याच ओळीत कांदा-लसूण, दुसऱ्या ओळीत आंबवलेले पदार्थ. वर तोंडी शेरा, "तुम्ही जैन लोक प्रीबायोटिक घेतच नाही, त्यामुळे आतड्यातले चांगले जिवाणू उपाशी मरतात." लहानपणापासून कंदमुळाचा त्याग पाळणारी मुलगी ती. नियम मोडायचा की आजारी राहायचं, या विचाराने दोन दिवस धड जेवली नाही. त्याच आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता : अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, जैन आहारवाल्यांचं पोट जगात सगळ्यात निरोगी! खाली हात जोडलेल्यांची रांग. त्यात आपल्यातल्या शिकलेल्या बायकाही होत्या.

मला तो चार्ट जेवढा खटकला, तेवढाच हा मेसेजही. दोघांनीही आपलं पोट न पाहताच निकाल दिला आहे.

आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा अभ्यास अमेरिकेत २००७ साली सुरू झाला. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले, ते ह्यूस्टन आणि सेंट लुईस या दोन शहरांच्या परिसरातल्या २४२ निरोगी माणसांवरून. 'निरोगी पोट' म्हणजे काय, याचं माप पुढे बरंच तिथून चालत आलं. २०२२ साली काही संशोधकांनी जगभरातल्या अशा नमुन्यांचा हिशेब मांडला. कोणत्या देशातून आले ते माहीत असलेल्या नमुन्यांपैकी ७१ टक्के युरोप, अमेरिका आणि कॅनडातले होते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश ज्यात येतात तो सगळा पट्टा दोन टक्क्यांच्याही आत. ह्यूस्टनच्या पोटाचं माप घेऊन कारंजाच्या पोटाला ब्लाऊज शिवायचा, असा हा प्रकार आहे.

फरक खरंच पडतो का? एकच उदाहरण घ्या. प्रेवोटेला नावाचा जिवाणू आहे. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये संधिवाताच्या नव्या रुग्णांत त्याची एक जात जास्त सापडली, आणि तो संशयित ठरला. २०१९ साली भोपाळच्या संशोधकांनी भोपाळकडची आणि केरळची मिळून ११० निरोगी माणसं तपासली. मुख्यतः धान्य-डाळ-भाजी खाणाऱ्या भोपाळच्या लोकांत हाच प्रेवोटेला भरपूर होता, आणि माणसं धडधाकट होती. केरळच्या मिश्राहारी लोकांत चित्र वेगळं होतं. तिकडचा आरोपी इकडे घरचा माणूस निघाला! तिकडच्या मापावर बेतलेली तपासणी कुणी हजारो रुपये घेऊन घरी पाठवली आणि लाल खुणेत 'प्रेवोटेला जास्त' असं छापून आलं, तर घाबरायचं की हसायचं?

पुण्याच्या संशोधकांनी हे आधीच ओळखलं होतं. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्या तपासल्या. एकाच छपराखाली राहूनही वयाप्रमाणे जिवाणूंचं प्रमाण बदललेलं दिसलं. संशोधनासाठी एकत्र कुटुंब निवडावं, हे सुचायला इथलाच माणूस लागतो. २०१३ साली त्यांनी लेख लिहून मांडलं की इतक्या जाती-जमाती, इतके आहार आणि हवामान असलेल्या देशाचा अभ्यास इथेच व्हायला हवा. २०१८ साली देशातल्या १४ ठिकाणच्या १००४ लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. सुरुवात चांगली आहे, पण एवढ्या मोठ्या देशात हजार माणसं म्हणजे डाळीत चिमूटभर हिंग.

आता त्या चार्टाकडे येते. कांदा-लसणात फ्रुक्टन नावाचे तंतू असतात आणि जिवाणू ते खातात, हे खरं. पण फ्रुक्टन गव्हातही असतात, आणि गव्हाची पोळी आपल्याकडे रोज होते. तूर, हरभरा, मूग यांतल्या ज्या साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यात जिवाणूच खातात. डाळीने वात धरतो म्हणतो ना आपण, तो त्यांच्याच जेवणाचा वायू. ज्वारीची भाकरीही काही प्रमाणात त्यांच्यापर्यंत पोचते. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आणि त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. तेव्हा वाशीम जिल्ह्यात, जिथे शेतात तूर उभी असते, तिथल्या सुनेचे जिवाणू लसणावाचून उपाशी मरतात हे मी मानणार नाही. उलट काळजी दुसरीच आहे. आपणच भाकरी सोडली, डाळ पातळ केली, आणि जागा भरली मैद्याच्या बिस्किटांनी नि पाकिटातल्या 'जैन' नमकीनने. पाकिटावर 'जैन' लिहिलं की आतड्याला कळतं थोडंच!

दह्याचंही तसंच. चौक्यात विरजण न घेता करवंटीच्या तुकड्याने किंवा मनुकांनी लावलेलं, मर्यादेतलं दही वेगळं आणि दुकानातल्या डब्यातलं वेगळं. चार्टात दोघांना एकच शब्द.

मग त्या मेसेजचं काय चुकलं? तो आपल्याला खोटी प्रशस्ती देतो. आपल्याला मोजलंच नाही, तर पहिला नंबर कुठून आला? आपले आचार्य सूक्ष्म जीवांविषयी, निगोदाविषयी किती बारकाईने बोलले, याचा मला अभिमान आहे. पण मी नियम पाळते तो अहिंसेसाठी, आतड्याच्या गुणपत्रिकेसाठी नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की लसूण पोटाला उत्तम, तर आपण काय त्याग सोडणार? ज्या श्रद्धेला दर आठवड्याला अमेरिकेचा शिक्का लागतो, ती मला कच्ची वाटते.

आणि खरं तर अभ्यास करणाऱ्यांना आपल्या घरांसारखी घरं मिळणं कठीण. टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि मध-कंदांवर जगणाऱ्या लोकांत ऋतूप्रमाणे काही जिवाणू जवळजवळ नाहीसे होतात आणि परत येतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे चौमासा लागला की पालेभाजी बंद. सूर्यास्तानंतर चूल बंद. दशलक्षणात कुणी एकाशन, कुणी दहाही दिवस उपवास. त्याच घरात कुणी सगळं पाळतं, कुणी काहीच नाही. पाणी एक, रक्त एक, ताट वेगळं. कारंजात बघेरवाल आहेत, सैतवाळ आहेत, सोयरीक बहुतेक आपापल्यातच. ही सगळी माहिती बायकांच्या डोक्यात असते. किती दिवस कोणती भाजी बंद होती, हे घरातल्या पुरुषाला विचारून पाहा एकदा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. असा अभ्यास करायला कुणी आपल्या गावात आलं, तर दार लावू नका. शौचाचा नमुना द्यायचा म्हटल्यावर नाकाला पदर लावून हसू नका. मुलांची लंगोटी आपणच बदलली ना?

एकीने विचारलं, नमुना दिला तर त्यातले जीव मरतात, ते पाप कुणाचं? प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. नमुना गोठवतात, मग त्यातून डीएनए काढतात. जीव मरतात. जिवाणूंना शास्त्रात नेमकं कुठे बसवायचं, यावर आपल्यातच एकमत नाही. पण गृहस्थाचं व्रत संकल्पी हिंसेच्या त्यागाचं आहे, आणि इथे मारण्याचा संकल्प नाही. शिवाय सर्दी झाली तरी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकची गोळी घेताना आपल्याला हा प्रश्न पडत नाही. एका पाकिटाने आतड्यातले किती जीव जातात, आणि व्हायरसच्या सर्दीवर तिचा उपयोग शून्य. माताजींना विचारायचं तर दोन्ही प्रश्न एकदम विचारा.

मात्र डोळे मिटून सहीही करू नका. संमतीचा कागद मराठीत मागा. नमुना कुठे ठेवणार, कंपनीला विकणार का, आम्हाला निकाल कळवणार का, हे विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

आणि त्या सुनेला मी सांगितलं, पोट दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, रक्त कमी आहे का, थायरॉईड आहे का ते बघ, पाणी पी. चार्ट घेऊन परत जा आणि विचार, लसणाऐवजी माझ्या स्वयंपाकघरातलं काय चालेल ते लिहून द्या. ती सोमवारी जाणार आहे. काय उत्तर मिळालं ते कळवीन.