समुद्राचा घसारा कोण काढणार?

सहलीवरचा लेख ‘पहाटे चार वाजता आमची बस सुटली’ या वाक्याने सुरू करावा आणि ‘ही सहल मी जन्मभर विसरणार नाही’ या वाक्याने संपवावा, असा एक अलिखित नियम आपल्या वार्षिक अंकात दिसतो. गेल्या डिसेंबरात वाणिज्य शाखेची सहल मालवणला गेली. आमचीही बस पहाटे चारलाच सुटली, आणि ती सहल मीही विसरणार नाही. पण त्याचे कारण जरा निराळे आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना त्याच होडीत बसू देणे मला बरे वाटत नाही. तेव्हा वाचकहो, याला प्रवासवर्णन समजू नका. यात थोडा कबुलीजबाब आहे आणि थोडा हिशेब.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी मूळचा सौंसरचा. आपल्या कॉलेजात हे नाव घेतले की ‘म्हणजे नक्की कुठे?’ हा प्रश्न ठरलेला. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मध्य प्रदेशात. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात आणि २०२३ सालापासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळा मराठी माध्यमाची. बेळगावला मामांकडे शिकायला आलो तेव्हा त्यात बसच्या पाटीपुरत्या कन्नडची भर पडली. आमच्या गावापासून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. गंमत अशी की भूगर्भशास्त्रज्ञ ज्या खडकांना ‘सौंसर समूह’ म्हणतात, ज्यांतून आमच्या भागातले मँगनीज निघते, ते खडक एका प्राचीन उथळ समुद्रात साचलेल्या गाळापासून झालेले आहेत. म्हणजे आमच्याकडेही समुद्र होता. मला जन्माला यायला अब्जभर वर्षे उशीर झाला इतकेच!

असा हा कोरडवाहू प्राणी मालवणच्या धक्क्यावर उतरला. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी ज्याचे बांधकाम सुरू केले तो किल्ला शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. तो पाण्यात इतका जवळ उभा असेल असे वाटले नव्हते. कार्यक्रम अर्ध्या दिवसाचा होता. सकाळी नऊला होडीत बसायचे, किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात स्नॉर्कलिंग करायचे, म्हणजे डोळ्यांना काच आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत तळ पाहायचा, आणि एकच्या आत जेवायला परत. माणशी पाचशे रुपये. आम्ही चाळीस जण, म्हणजे वीस हजार.

निघण्यापूर्वी आईचा सौंसरहून दोनदा फोन आला. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. ती बातमी तिच्या लक्षात होती. “जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नकोस,” असे तिने बजावले. सरांनीही प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे ओढून पाहिले. आपला जीव कसा वाचवावा हे आम्हाला पाठ झाले होते. आमच्यापासून दुसऱ्या कुणाचा जीव वाचवायचा असतो, हे मात्र कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

दूर अंदमानात तळालाच काच बसवलेल्या होड्या असतात म्हणे. आमच्या होडीवाल्या काकांकडे तळाला काच लावलेली एक पत्र्याची पेटी होती. ती पाण्यावर टेकवून आत डोकवायचे. पहिल्या खेपेला मला नुसते हिरवट धुके दिसले. मग डोळे सरावले आणि धुक्यातून एक तपकिरी टेकडी वर आली. तिच्यावर पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे, मधूनच एक निळसर मोठा मासा खडकाला तोंड लावून कुरतडणारा. सिनेमात दाखवतात तसे रंग नव्हते, तरी मी पेटी सोडायला तयार नव्हतो. मागचे मित्र ओरडू लागले तेव्हा सोडली.

त्यानंतर पाण्यात उतरलो. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्राची भीती वाटू नये, असा माझा समज होता. तो पाच मिनिटांत उतरला. काचेत पाणी शिरले, नाकातोंडात खारे गेले आणि मी जो पहिला आधार सापडला त्यावर दोन्ही पाय टेकवले. इथवर माफ करता येईल. पण होडीतून मित्र ओरडला, “तसाच उभा राहा, फोटो काढतो!” आणि मी उभा राहिलो. कमरेवर हात ठेवून, हसत. होडीवाले काका तेवढ्यात ओरडले, “अरे, पाय टेकू नको रे, तां जिता आसा!” मला ते कळायला वेळ लागला. ते जिवंत आहे! मी दचकून पाय उचलला, तशी बशीसारख्या पसरट पोवळ्याची तळहाताएवढी कड मोडून खाली गेली.

पोवळे म्हणजे खडक नव्हे. इवल्याइवल्या प्राण्यांची ती वसाहत असते. ते प्राणी चुन्याची घरे बांधतात, आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न आणि रंग देतात. पुष्कळशी पोवळी वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटरच वाढतात. म्हणजे तळहाताएवढा तुकडा वाढायला पाच-दहा वर्षे. मी मराठी शाळेत पाढे म्हणत होतो तेव्हापासून जे वाढत होते ते मी एका फोटोसाठी मोडले.

परत आल्यावर ग्रंथालयात बसून थोडे वाचले तेव्हा आणखी लाज वाटली. किल्ल्याभोवतालच्या समुद्रासह सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. खडक बनवणारी पोवळी २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे ज्या परिशिष्टात वाघ आहे त्यातच. आमच्या जिल्ह्याशेजारी पेंचचे जंगल आहे. तिथे वाघ पाहायला गेलेल्या माणसाला गाडीतून खाली उतरता येत नाही, रोज किती गाड्या सोडायच्या ते ठरलेले असते आणि पावसाळ्यात जंगलातली फेरी बंद असते. वाघाच्या पाठीवर उभे राहून फोटो काढावा असे कुणाच्या मनातही येणार नाही. (अर्थात वाघाचेही त्यावर काही मत असेल.) पोवळे चावत नाही, ओरडत नाही, म्हणून त्याच्या पाठीवर आपण उभे राहतो.

दोष एकट्या माझा असता तर हा लेख लिहिला नसता. आमच्या होडीने थांबताना नांगर टाकला होता. शेतकऱ्याच्या मुलाला नांगर म्हटले की जमीन पेरणीला तयार करणारे अवजार आठवते. हा लोखंडी नांगर जिथे पडतो आणि वाऱ्याने जिथवर फरफटतो, तिथे काही पेरले जात नाही. पोवळे असेल तर ते मोडते. शेजारच्या होडीतून पावाचे तुकडे फेकले जात होते, म्हणजे मासे गोळा होतात आणि फोटो चांगले येतात. वास्तविक पोवळ्यांवर चढणारे शेवाळ खाऊन ती साफ ठेवणे हे काही माशांचे रोजचे काम. त्यांना पाव देऊन आपण कामावरून उठवतो.

मी काकांना विचारले, नांगर कशाला टाकता? त्यांनी शांतपणे सांगितले की तळाला पक्का बांधलेला बोया असता तर होडी त्यालाच बांधली असती. त्यांचे म्हणणे खरे आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८१ पासून पोवळ्यांजवळ असे बोये बसवलेले आहेत. होडी त्यांना बांधायची, नांगर टाकायचाच नाही. आपल्याच देशात, अंदमानच्या वांडूर सागरी राष्ट्रीय उद्यानात, जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून सहा-सहा महिने पर्यटकांना खुली असतात आणि प्लास्टिक घेऊन जाता येत नाही. शेत एक हंगाम पडीक ठेवावे तसेच हे.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा हिशेब. प्रथम वर्षातच आपल्याला शिकवतात की यंत्र वापरले की झिजते, म्हणून दरवर्षी घसारा काढावा. तो न काढता दाखवलेला नफा खोटा असतो. पुढे शिकवतात की भांडवलातून लाभांश वाटता येत नाही. आमच्या सहलीचा जमाखर्च मीच लिहिला होता. बसभाडे, जेवण, होडी, चहा, किरकोळ. समुद्राच्या झिजेपोटी एक पैसाही त्यात नव्हता. होडीवाल्यांच्या हिशेबातही नसतो, सरकारच्या जाहिरातीतही नसतो. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून त्या समुद्राच्या जोरावर किती घरे उभी राहिली! पण ज्या भांडवलावर हा व्यवहार चालतो ते किती उरले, हे ताळेबंदात कुठेच येत नाही.

हे मला पुस्तकाने शिकवले असे म्हणणे खोटे ठरेल. आमची संत्र्याची बाग होती. आजोबांच्या वेळी एका विहिरीवर तिचे भागत असे. ते म्हणत, “पानी पाहून बाग लावा लागते, बाग लावून पानी पायता येत नाही.” पुढे सगळ्यांनी झाडे वाढवली, आम्हीही वाढवली. विहीर आटली, बोअर घेतला. तो आटला, आणखी खोल घेतला. चार वर्षे उत्पन्न चांगले दिसले आणि घरात आनंद होता. पाचव्या उन्हाळ्यात दोन्ही बोअर कोरडे पडले आणि बाबांनी सत्तर झाडे तोडून जळणाला दिली. ती चार वर्षे आम्ही नफा समजून भांडवलच खाल्ले होते. त्या पेटीच्या काचेतून तळ पाहताना मला हे आठवले नाही. पाय उचलल्यावर आठवले.

यावर दोन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला असा की होडीवाल्यांच्या पोटावर का येता? अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी विरोध केला होता, कारण पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळी टाकली त्या पाण्यावर बंधने येणार होती. त्यांचे दुःख खरे आहे. म्हणूनच माझा रोख त्यांच्यावर नाही. मला थांबवणारा आवाज एका होडीवाल्याचाच होता. शिकलेल्या चाळीस जणांपैकी एकालाही तो सुचला नाही. बंदी घालून त्यांची चूल विझवण्यापेक्षा आपणच थोडे जास्त पैसे द्यावेत आणि ते बोयांसाठी जावेत.

दुसरा आक्षेप असा की समुद्रच तापत चालला आहे, तिथे एका होडीचे काय घेऊन बसलात? हेही खरे. पाणी फार तापले की पोवळी आपल्या अंगातली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. जगभर असे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले ते १९९८ साली. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी चौथी जागतिक लाट जाहीर केली. पण घरात कोणी तापाने फणफणले असेल, तर ‘नाहीतरी तो आजारीच आहे’ म्हणून त्याच्या अंगावर कोणी उभे राहत नाही. उलट आपण पाऊल हळू टाकतो.

म्हणून माझ्या सूचना अगदी लहान आहेत. पुढच्या वर्षी सहलीच्या वर्गणीत माणशी वीस रुपये वाढवावेत. चाळीस जणांचे आठशे होतील. त्यात बोया येणार नाही, पण दहा कॉलेजांनी तसे केले तर विचार करावा लागेल. होडी ठरवतानाच विचारावे की पाव फेकणार नाही ना, आणि नांगर वाळूत टाकाल ना? ज्याला पोहता येत नाही त्याने पेटीतूनच पाहावे. त्यात कमीपणा नाही, मला तर पेटीतूनच जास्त दिसले. आणि बस सुटण्यापूर्वी दहा मिनिटे मराठीत आणि कन्नडमध्ये हे सगळ्यांना सांगावे. आपले पुष्कळ मित्र मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाकडे जातात. तिथेही पोवळी आहेत आणि त्यांना भाषेचा भेद कळत नाही. कन्नड विभागाच्या संपादकांनी यातले चार शब्द आपल्या पानांवर घेतले तर मी आभारी राहीन.

तो फोटो मित्राने वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. मीही मोठ्या हौसेने तो घरी पाठवला. संध्याकाळी आजोबांनी बाबांच्या फोनवर तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मला फोन लावायला सांगितला. “चारी बाजूंनी पानी दिसते,” ते म्हणाले, “मंग तू कायच्यावर उभा हायस रे बाबू?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. हा अंक छापून आला की एक प्रत सौंसरला पाठवीन.

— बी. कॉम. भाग तीन